माणिक पाच जडाव

बाबा,

ज्या पेटीला तुम्ही शेवटची लाख लावली होती, ती पेटी उद्या अकरा वाजता उघडणार आहेत. मी आजच बुलढाण्याला येऊन थांबलेय. दुपार आहे, खोलीतला पंखा नुसता आवाज करतोय, आणि टेबलावर माझा अहवाल पडलाय, सहा पानांचा, खाली सहीची जागा रिकामी. सही केली की आपलं काम संपलं, असं घरून निघताना मी स्वतःला बजावलं होतं. आता दोन तास झाले, पेनाचं टोपण काढतेय आणि लावतेय. मी रिटायर झाले, केस पांढरे झाले, लोक मला मोडीच्या मॅडम म्हणतात, आणि तरी एका शब्दापायी माझी पाचावर धारण बसली आहे. हा वाक्प्रचार मी मुद्दाम वापरलेला नाही. आपोआप आला, आणि आला तेव्हा हसूही आलं नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मला ते एकदा ओळीने मांडू द्या. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं ते राजघराणं आणि त्यांच्याच गावातलं देवीचं देवस्थान, दोघंही एका पेटीतले दागिने आपले म्हणतात. घराणं म्हणतं, दागिने राजवाड्यातले, सणापुरते देवीच्या अंगावर घालायला दिलेले. देवस्थान म्हणतं, राण्यांनी नवस फेडून वाहिलेले, आणि वाहिलेलं कोणी परत मागतं का? खटला उभा राहिला तेव्हा सरकारने पेटी ताब्यात घेतली आणि निकाल लागेपर्यंत तालुक्याच्या ट्रेझरीत ठेवली. निकाल काही लागला नाही. वकील म्हातारे झाले, त्यांची पोरं वकील झाली. त्या ट्रेझरीत तुम्ही शिपाई होता. सकाळच्या एसटीने डोणगावहून जायचं आणि संध्याकाळच्या एसटीने यायचं. कुलपं, कापडी गाठोडी, दोऱ्या आणि लाख हा तुमचा प्रांत. लाख वितळवून गाठीवर ओतायची, साहेबांनी पितळी मोहोर उठवायची, आणि मग कडेची फुटलेली लाख तुम्ही अंगठ्याने आत दाबायची, ही तुमची खोड. आई ओरडायची की अंगठा पोळतो तरी अक्कल येत नाही. तुम्ही घरी आलात की शर्टाला जळकट गोड वास यायचा, आणि मला शाळेत असल्यापासून वाटायचं की सरकारचा वास असाच असतो.

मी बी.ए.ला असताना मोडीची परीक्षा दिली. वर्गात मी एकटी मुलगी, आणि आपल्या वस्तीतून तर मोडी शिकलेलं कोणीच नाही. जुने मोडी वाचणारे तालुक्यात कोणी उरले नव्हते. दाखला आला तेव्हा तुम्ही तो मलकापूरला एका लग्नाला जाताना बरोबर घेऊन गेलात आणि काचेची फ्रेम करून आणलीत. सोबत एक भिंगही आणलंत, स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडचं, चामड्याच्या डबीत. म्हणालात, "बारीक अक्षर वाचाले लागते ना? घे." फ्रेम तुम्ही दारासमोरच्या भिंतीवर अशी लावलीत की आत येणाऱ्याला आधी ती दिसावी. पाहुणा आला की पाणी देण्याआधी तुम्ही म्हणायचा, "माही पोरगी मोडी वाचते, बरं." मला लाज वाटायची. पण खरं सांगायचं तर ती फार गोड लाज होती.

मग त्या पेटीची तारीख निघाली. दोन्ही पक्षांसमोर पेटी उघडून यादीशी ताडून पाहायची असा हुकूम होता, आणि यादी मोडीत. ती वाचणार कोण? तुम्ही साहेबांना सांगितलंत, "साहेब, माही पोरगी हाय." साहेबांनी झेरॉक्स दिली.

रविवारची सकाळ आहे. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलात, आणि मी पाटावर कागद पसरून भिंग धरलंय. मोडीत शब्द तोडत नाहीत, स्वल्पविराम नसतो, कारकुनाने वर रेघ ओढली की खाली अक्षरांची साखळी सुटते ती ओळ संपेपर्यंत. मी मोठ्याने वाचतेय, अगदी रुबाबात. नथ एक, चिंचपेटी एक, बुगड्यांचा जोड एक. मग ती ओळ आली. पदक १ सोन्याचे त्यास माणिक पाच जडाव. मी वाचलं, "पदक एक, सोन्याचं, त्याला पाच माणकं जडवलेली." तुम्ही पुढे वाकलात. आकडे तुम्हाला मोडीतलेही ओळखू यायचे.

"माय, बाकी साऱ्या जागी आकडा हाय. हे पाच तेवढं अक्षरात काऊन लिवलं असंन?"

"कारकुनाची मर्जी, बाबा."

"तसं नाई, पण त्या पदकात तं..."

"बाबा, तुमाले मोडी येते काय? नाई ना? मंग मले वाचू द्या."

आईचा हात भाकरीवर थांबला. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तुम्ही हसलात. "नाई रे बाप्पा, मले काय येते. सहज इचारलं," म्हणालात, आणि उठून बकेट घेऊन बाहेर गेलात. मी पुढची ओळ वाचली. दुपारपर्यंत मी यादीची देवनागरी प्रत तयार केली, वळणदार अक्षरात, आणि त्या ओळीपुढे लिहिलं: पदक १, माणिक नग ५. म्हणजे मूळ कागदात अक्षरात असलेला शब्द मी आकड्यात बदलला आणि "नग" हा शब्द पदरचा घातला. साहेबांना सोपं जावं म्हणून. ध चा मा करणाऱ्यांची गोष्ट आपण चवीने सांगतो, पण बहुतेकांनी तो असाच केलेला असतो, कोणाला तरी सोपं जावं म्हणून. ती प्रत टाइप झाली, फाइलला लागली. खाली कोणाचं नाव नव्हतं.

पेटी उघडली त्या दिवशी तुम्ही शेवटच्या एसटीने आलात. पदकात खडे पाचच निघाले होते. चार लाल, आणि मधला हिरवा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. खडे चार असते, सहा असते, तर कोणीतरी यादीकडे पुन्हा पाहिलं असतं. पण यादीत पाच माणकं, पदकात पाच खडे, त्यातला एक हिरवा, म्हणजे एक माणिक काढून तिथे काच बसवली, हा हिशेब शेंबड्या पोरालाही समजावा. घराण्याचे वकील टेबलावर हात आपटून ओरडले. पंचांमधला सोनार म्हणाला की काच की पाचू ते खडा काढल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि घराण्याने खडा काढू दिला नाही. त्याच्या तीन वर्षं आधी स्ट्राँगरूमचं छत गळलं तेव्हा पेटी उघडून दागिने नव्या कापडात बांधले होते, आणि बांधताना जे दोघे हजर होते त्यातले जिवंत तुम्ही एकटे. सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. आडनाव ऐकूनच निम्मा निकाल लागला होता. तरी पेटी बंद करताना लाख तुम्हीच ओतलीत, कारण दुसऱ्या कोणाला ते काम येत नव्हतं.

"तो खडा हिरवाच व्हता, माय," तुम्ही जेवताना म्हणालात. "छत गळलं तवा म्या सोता कापडात बांधला. मधात हिरवा, भवताल लाल."

मी म्हणाले, "यादीत पाच माणकं हायेत, बाबा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हो. यादीत तं हायेत."

दोन दिवसांनी तुम्ही सस्पेंड झालात आणि चौथ्या दिवशी सकाळी पोलीस घर पाहायला आले. पिठाचा डबा उलटा करायला लागले तेव्हा आई म्हणाली, "सांडू नका जी, कालच दळून आणलं." त्यांनी गाद्या उसवल्या, चुलीतली राख उकरली. कोपऱ्यातल्या कोनाड्यातल्या मूर्तीकडे एकाचा हात गेला तेव्हा मात्र आई आडवी उभी राहिली. "तिथं आमची वंदना असते." तो मागे सरला. काही सापडलं नाही, कारण काही नव्हतंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. त्या सकाळी, पोलीस यायच्या आधीच, भिंतीवरची माझी फ्रेम गेली होती. नुसता खिळा राहिला होता. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावून ती उतरवलीत.

पुराव्याअभावी तुम्हाला परत कामावर घेतलं, पण लाखेला हात लावू दिला नाही. दारावर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं. एसटीत कोणीतरी मागून म्हणायचं, "हिरवा खडा चालला बे," आणि तुम्ही खिडकीबाहेर बघायचा. चौकशीत तुम्हाला विचारलं होतं की ही देवनागरी प्रत कोणी केली, आणि तुम्ही म्हणालात, "मले आठोत नाई." तुम्हाला दहा वर्षांपूर्वी कुठल्या गाठोड्याला कोणती दोरी होती ते आठवायचं. वर्षभराने मला अभिलेखागारात मोडी वाचकाची नोकरी लागली. मुलाखतीला दाखला हवा होता. तुम्ही तो कुठूनसा आणून दिलात, फ्रेमशिवाय, मधोमध घडीच्या खुणा असलेला. त्या नोकरीच्या चौथ्या वर्षी तुम्ही गेलात.

आणि सहाव्या वर्षी एका जुन्या कागदावर मी वाचलं, "पाच १ हिरवी". पाच एक. पाच कधी एक असते का? असते. जुन्या मराठीत पाच म्हणजे पाचू. माणिक पाच जडाव, म्हणजे माणिक आणि पाचू जडवलेलं. आकडा नव्हताच तो, म्हणून तर आकड्यात लिहिला नव्हता. तुम्ही अंगठे बहाद्दरासारखे भिंतीला टेकून बसून जो प्रश्न विचारलात, तो मला सगळ्या शिक्षणात सुचला नव्हता. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. घरी येऊन कोणाला सांगणार? तुम्ही नव्हता, आईला तो विषय काढलेला चालत नसे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यावर माझी सगळी नोकरी झाली.

आता खटला परत उठलाय. देवस्थानच्या दप्तरातलं एक न वाचलेलं गाठोडं सापडलं आणि ते वाचायला माझ्याकडेच आलं, कारण दुसरं कोणी नाही असं सगळे म्हणाले. त्यात राजवाड्यातल्या कारकुनाच्याच हाताची नोंद आहे. राणीसाहेबांनी देवीस पदक वाहिले, मध्ये पाच हिरवी, भोवती माणिक चार. म्हणजे पदक देवस्थानचं. घराण्याचं म्हणणं असं, की देवीचं हिरव्या खड्याचं पदक वेगळं असेल, ते कुठे गेलं देवीला ठाऊक. पेटीतलं मूळ पाच माणकांचं, त्यातलं एक शिपायाने काढलं. त्यांचा सगळा दावा माझ्या त्या "नग ५"वर उभा आहे. अहवालात मी लिहिलंय, "जुन्या देवनागरी प्रतीत अनवधानाने चूक झालेली दिसते." झालेली दिसते! कर्ता लपवणाऱ्या वाक्यावर विश्वास ठेवू नका, असं मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. पण प्रत माझी आहे असं मी उद्या म्हटलं तर त्यांचा वकील म्हणेल, ही तर त्या शिपायाची मुलगी. आणि माझं खरं वाचनही केरात जाईल. गप्प राहिले तर तुम्ही निर्दोष ठराल. बोलले तर कदाचित नाही. सांगा आता, काय करू? तुम्ही सांगणार नाही. तुम्ही म्हणाल, मले काय येते.

सकाळ झाली आहे. म्हणजे वरचं लिहिलं त्याच्या तिसऱ्या दिवसाची सकाळ. सुनावणी काल झाली.

पेटी टेबलावर ठेवली तेव्हा मी आधी लाख पाहिली. काळपट पडलीय, पण शाबूत. मोहोरेच्या कडेला तुमचा अंगठा आहे, बाबा, रेषांसकट. माझा हात पुढे गेला तसा हवालदार म्हणाला, "ताई, हात नका लावू." मग त्यांनी लाख फोडली. नियम म्हणजे नियम. पदक मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. इतकं लहान! रुपयाच्या नाण्याहून जरासं मोठं. चार माणकं, आणि मधला हिरवा, खोल, कोपऱ्यात बारीक चीर असलेला. मधात हिरवा, भवताल लाल.

अधिकारी मॅडम तरुण आहेत, इकडच्याच. घराण्याचे वकील म्हणजे त्या टेबल आपटणाऱ्या वकिलांचे चिरंजीव. ते म्हणाले, जुनी देवनागरी प्रत बघा, किती सुवाच्य, त्या काळच्या जाणकाराने केलेली. सरकारी दप्तरातली ही प्रत सोडून आजचं वाचन का मानायचं? मॅडमनी मला विचारलं, "ताई, ही प्रत कोणी केली असेल, काही अंदाज?"

मी अहवालाकडे पाहिलं. सही मी सकाळीच करून आणली होती. मी म्हणाले, "अंदाज नाही. मीच केली. मी तेव्हा बी.ए.ला होते."

वकिलांना क्षणभर कळेना की आनंद मानावा की काय. "म्हणजे मॅडम, तुम्ही तेव्हा चुकलात की आता चुकताय?"

"तेव्हा."

"आणि जो शिपाई सस्पेंड झाला, तो तुमचा कोण?"

"वडील."

"मग झालंच की," ते म्हणाले आणि खाली बसले. देवस्थानच्या लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या देवीला बुडवलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमचं वाचन मी आता धरू शकत नाही. बाहेरचा वाचक बोलवावा लागेल." वाटलं, दुसऱ्यांदा घालवलं मी तुम्हाला, आणि या वेळी तर खरं बोलून.

पण त्यांनी मूळ यादी पुढे ओढली. मोडी त्यांना येत नाही, आकडे तेवढे कळतात. मी भिंग पुढे सरकवलं, तेच, तुमचं. त्या आकड्यांवरून बोट फिरवत खाली आल्या आणि त्या ओळीवर थांबल्या. "हे काय आहे? बाकी सगळीकडे आकडा लिहिलाय. इथे अक्षरात का?"

मग मी म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न पेटी उघडायच्या आधी एकाने विचारला होता. त्या शिपायाने. मी त्यांना गप्प बसवलं. एवढं लिहून घ्याल का?"

वकील उठले, हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, "हरकतही लिहून घेते." आणि दोन्ही लिहून घेतलं. पुढच्या तारखेला खडा तपासायचा आहे, आणि वाचक बाहेरून यायचा आहे. तो काय वाचेल ते माझ्या हातात नाही. पण तुमचा प्रश्न आता कागदावर आहे, तुमच्या नावासह, आणि खाली माझी सही आहे. पेटी परत बंद केली तेव्हा लाख ओतणाऱ्याने ती टेबलभर सांडली. कडा तशाच फुटक्या ठेवल्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे भिंगाच्या डबीत घडी करून ठेवीन. पण त्याआधी एक दुरुस्ती करायची आहे, कारण चुकीची प्रत मागे ठेवायची मला आता भीती वाटते. वर मी लिहिलंय की मला वाटलं, तुम्ही रागावून फ्रेम उतरवलीत. ते खरं नाही. पोलीस येऊन गेले त्याच दिवशी, तुम्ही मोरीत आंघोळ करत होता आणि आई पाण्याला गेली होती, तेव्हा मी कोनाड्यातली मूर्ती उचलून खाली पाहिलं. पोलिसांनी तेवढीच जागा सोडली होती. मी माणिक शोधत होते, बाबा. खाली माझा दाखला होता, फ्रेममधून काढून चार घड्या घातलेला. यादी कोणी वाचली हे भिंतीवरून कोणाला कळू नये म्हणून. मला ते त्याच वेळी कळलं. मी तो होता तसा ठेवला आणि मूर्ती वर ठेवली. तुम्ही मोरीतून हाक मारलीत, "माय, टावेल दे वं." मी टॉवेल दिला, आणि काही बोलले नाही.